अजगराची गुंडाळनळी झाली त्याची गोष्ट

एका जंगलात तेल नव्हतं. खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी. पण बाळांनो, तुम्ही आत्ता कुठे मांडी घालून बसलात, काहींनी तर चष्मेसुद्धा पुसून घेतले, तेव्हा पुढे सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

तर, या जंगलात तेल नव्हतं, पण शेजारच्या जंगलात निघालं होतं. ही बातमी आली आणि राजा सिंहाचं जेवण तुटलं.

"त्यांच्याकडे निघतं, मग आपल्याकडे का निघत नाही?" त्याने दरबारात विचारलं. "आपल्या जमिनीला काय धाड भरलीय?"

"काहीच नाही महाराज," सगळा दरबार म्हणाला.

तेलाचं करायचं काय, हे कुणी विचारलं नाही. त्या जंगलात दिवा नव्हता, कढई नव्हती आणि भजीही नव्हती. पण शेजाऱ्याकडे आहे ते आपल्याकडे असलं पाहिजे, हे शहाण्या राज्याचं लक्षण असतं. तुमच्या घरीही दोन-चार वस्तू अशाच आलेल्या असतील. माळ्यावर बघा.

त्याच आठवड्यात एक रानडुक्कर कंद उकरत होतं. त्याचं नाक काळंभोर होऊन बाहेर आलं. राजाने तिथेच विहीर खणायचा हुकूम सोडला. नाक आधीपासूनच काळं होतं, हे डुकराच्या आईला माहीत होतं. तिला दरबारात बोलावलं नव्हतं.

घुशींनी विहीर खणली. अरुंद आणि खोल. तळाला लागली वाळू.

"वाळूच्या खाली तेल असतं," करकोचा म्हणाला.

आता हा करकोचा कोण, ते सांगतो. करकोचे दर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येतात आणि थंडी सरली की परत जातात. हा एकटा मात्र चैत्र लागला तरी गेला नाही. येताना तो तेलविहिरींच्या देशावरून उडत आला होता. वरून त्याला विहिरी दिसल्या होत्या. तेवढ्या अनुभवावर राजाने त्याला सल्लागार नेमलं आणि रोज टोपलीभर मासळी लावून दिली. सगळे त्याला करकोचेसाहेब म्हणू लागले.

करकोचेसाहेबांकडे ताडपत्रांचा एक जाड कोश होता. तेलाच्या कामातल्या प्रत्येक वस्तूचं नाव त्यात होतं. "आधी शब्द नीट लागले पाहिजेत," ते म्हणायचे, "मग तेल आपोआप लागतं." राजाने त्या कोशावर आपल्या पंजाचा शिक्का उमटवला. कोशात असेल ते खरं, असा कायदाच झाला.

"अरुंद विहिरीतली वाळू काढायला एक लांब, लवचीक नळी लागते," साहेबांनी समजावून सांगितलं. "ती मोठ्या रिळावर गुंडाळलेली असते. रीळ उलगडायचं, नळी एका कमानीवरून वाकवायची, सरळ करायची आणि विहिरीत ढकलायची. काम झालं की ओढून पुन्हा गुंडाळायची. तिला म्हणतात गुंडाळनळी."

"मग आणा की," राजा म्हणाला.

"ती आपल्याकडे होत नाही महाराज. परदेशातून मागवावी लागेल. दोन-तीन वर्षं तर..."

सगळ्या दरबाराची नजर एकदमच कोपऱ्याकडे वळली. तिथे रखमाजी अजगर ऊन खात पडला होता.

रखमाजी साधा गडी. अठरा हात लांब, अंगाने मऊ, मनाने त्याहून मऊ. साळिंदराच्या जुन्या बिळात त्याचा संसार होता. त्याची बायको गयाबाई नुकतीच अंड्यांवर बसली होती. अजगरीण एकदा अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली की पिल्लं बाहेर येईपर्यंत हलत नाही. खायलाही उठत नाही. दोन महिन्यांनी ती उठेल तेव्हा तिच्यापुढे काय ठेवायचं, हा एकच घोर रखमाजीला लागलेला होता. म्हणून "आठवड्याला एक शेळी" हे पगाराचे शब्द कानावर आले, तेव्हा त्याने बाकीचं काही ऐकलंच नाही.

"येतो साहेब," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पडलेल्या सागाचं जाड खोड, तेच रीळ. त्याला रखमाजीची शेपटी वेलींनी करकचून बांधली आणि वर सगळा रखमाजी गुंडाळला. गव्याने खोड फिरवलं की रखमाजी उलगडत पुढे जाई. पुढे जांभळाची एक वाकलेली फांदी होती, ती कमान. तिच्यावरून वाकून तो विहिरीच्या तोंडाशी येई. तिथे दोन अस्वलं उभी असत. ती त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरत आणि सरळ करून खाली ढकलत. तळाला जाऊन रखमाजीने तोंडभर वाळू घ्यायची. मग गवा उलटा फिरे, आणि रखमाजी वाळू काठावर ओतून पुन्हा रिळावर.

नोंद ठेवायला सुतारपक्षी होता. दिवसाला दोन फेऱ्या होत आणि दर फेरीला तो झाडावर एक भोक पाडी. भोकं पाडण्याचा त्याला तीस वर्षांचा अनुभव होता.

पहिल्याच फेरीत एक गंमत झाली. विहिरीच्या अर्ध्यावर एका बाजूला भिंत ढासळली होती. रखमाजीने खाली जाता जाता आत बघितलं, तर गयाबाई! घुशींनी विहीर खणताना त्याच्याच घराची भिंत फोडली होती.

"अवो! न्हाणीच्या अंगाला काय करताय?" गयाबाई म्हणाली.

"कामाला चाललोय," रखमाजी म्हणाला, आणि खाली गेला.

थोड्या वेळाने तो वर आला. तोंडात वाळू होती, म्हणून नुसताच हसला.

रोज असंच. जाताना एक शब्द, येताना एक हसू. नवरा नोकरीला लागला की बहुतेक घरांत एवढंच उरतं. तक्रार कसली करायची?

संध्याकाळी काम थांबे. काठावर वाळूचा छान ढीग झालेला असे. करकोचेसाहेब त्याचं माप घेत, राजाला कळवत. रात्रभरात ढीग घसरे आणि वाळू परत विहिरीत जाई. सकाळी विहीर पुन्हा भरलेली. ढीग लांब टाका, असं कोशात कुठे लिहिलेलं नव्हतं.

"रोज तीच वाळू वर जाती आन् खाली येती," गयाबाई एकदा म्हणाली. "मला तर आता कण न् कण वळखू याया लागलाय."

पहिला आठवडा सरला. रखमाजीने शेळीची आठवण केली.

करकोचेसाहेबांनी कोश उघडला. "गुंडाळनळी," त्यांनी वाचलं. "लांब, लवचीक, पोकळ असे साधन. आहार... आहार... इथे आहार दिलेला नाही."

"पर साहेब, मी अजगर हाय."

साहेबांनी पानं उलटली. चोच एका ओळीवर ठेवली. "अजगर. पाहा, गुंडाळनळी."

"हे कवा लिवलं?"

"तू रुजू झालास त्याच दिवशी. आता तुझा दर्जा वाढलाय रखमाजी. प्राणी तर काय, जंगलात पायलीला पन्नास. तू साधन आहेस."

"साहेब, भूक लागलीय."

"नळीला भूक लागत नाही," साहेब समजुतीने म्हणाले आणि टोपलीतला एक मासा उचलून गिळला. "नळी रात्री घरीही जात नाही. साधनं जागेवरच ठेवायची असतात."

त्या दिवसापासून रखमाजीला रात्रीही रिळावरच बांधून ठेवू लागले. मला इथे रडू येतं, पण तुमच्यासमोर रडायचं नाही असं ठरवलंय.

अकराव्या दिवशी त्याची पाठ गेली. सकाळी उलगडताना मणक्यामणक्यातून कळ येऊ लागली.

"साहेब, पाठ मोडली. थकलो बघा."

करकोचेसाहेब आनंदाने दोन पावलं नाचले. "क्लांती! याला शब्द आहे आपल्याकडे! नळी वाकून वाकून थकते, तिला क्लांती म्हणतात. एकशेवीसदा वाकली की नळी बाद होते. अहो नोंदनीस, किती झाले?"

सुतारपक्ष्याने झाडावरची भोकं मोजली. "वीस."

"वीस! म्हणजे शंभर शिल्लक. तू तर अजून कोरा आहेस."

आता बाळांनो, इथे जरा डोकं लावा. भोक पडत होतं फेरीला एक. पण वाकत होता कोण? रखमाजी. आणि ज्याची पाठ वाकते त्याला हिशेब शिकवावा लागत नाही.

"साहेब, फेरी एक असली तरी वाकणं सहा हायेत," तो म्हणाला. "रिळावरनं सुटताना एक. कमानीवर दोन. अस्वलं सरळ करत्यात ते तीन. वर येताना परत तीन. वीस फेऱ्यांचे एकशेवीस झाले. मी बाद झालो."

गव्याने मनातल्या मनात मोजून पाहिलं आणि मान हलवली. हिशेब चोख होता.

सुतारपक्षी लालेलाल झाला. "तीस वर्षं भोकं पाडतोय मी! आता नळी मला मोजायला शिकवणार?"

"नळीने मोजायचं नसतं," करकोचेसाहेब म्हणाले. "ते नोंदनिसाचं काम. पण तुझी क्लांती मनावर घेतो. नळी थकली तर उलटी करायची असते. टोकं बदलली की झीज सारखी वाटली जाते."

त्यांनी रखमाजीला सोडलं, उलटं केलं आणि बांधलं. आता डोकं रिळाला आणि शेपटी विहिरीत. शेपटीला वाळू उचलता येईना. तरी भोकं पडतच राहिली.

गयाबाईच्या दारावरून आता नुसती शेपटी जाई.

"आता त्वांड दाखवायचीबी सोय न्हाई का?" ती म्हणाली. शेपटी काय बोलणार? जाता जाता तिने दारातल्या दगडावर दोनदा हळूच आपटून दाखवलं. गयाबाईला तेवढ्यावर दिवस काढावा लागला.

आठवड्याभराने रखमाजीच्या पाठीचा दुसरा अर्धाही दुखू लागला.

"आता दोन्हीकडनं सारखंच दुखतंय साहेब."

"उत्तम! समतोल साधला," करकोचेसाहेब म्हणाले. "तरी एकदा खात्री करून घेऊ. कोशात एक चाचणी दिलीय. नळीचं तळाला जाणारं टोक हातभर तोडायचं आणि आतून तपासायचं. उद्या नळी पुन्हा सुलटी बांधा. परवा वर आली की टोक तोडू. महाराजांच्या शुभ दातांनी."

राजाला असे समारंभ फार आवडत. त्याने लगेच होकार दिला.

रखमाजीने आधी उद्या-परवाचा हिशेब केला, मग टोकाचा. त्याला घाम फुटला असता, पण अजगरांना घाम येत नाही.

"साहेब," तो चाचरत म्हणाला, "सुलटा बांधल्यावर त्या टोकाला माझं डोकं असतंय."

साहेबांनी कोश चाळला. बराच वेळ चाळला. मनापासून शोधलं त्यांनी, खोटं कशाला सांगू? "डोकं... डोकं... नाही बुवा. 'अग्र' आहे. 'अग्राची लांबी' आहे. डोकं कुठेच नाही."

दुसऱ्या दिवशी रखमाजी सुलटा बांधला गेला. त्याचे डोळे पांढुरके झाले होते. सुतारपक्ष्याने नोंद केली, "अग्रावरील दोन मणी धुरकट."

विहिरीत उतरताना तो गयाबाईच्या दाराशी क्षणभर अडून राहिला. "उद्या डोकं तोडणार हायेत," एवढंच बोलला. अस्वलांनी वरून ढकललं.

तो वर येताना गयाबाईने आधी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. भीती नंतर, आधी डोळे. बायकांचं असंच असतं. "डोळं कशानं पांढरं झालं?"

तोंडात वाळू होती. पुढच्या फेरीत खाली जाताना त्याने उत्तर दिलं. "कात यायला झालीय."

तो तळाला जाऊन परत येईपर्यंत गयाबाईने विचार करून ठेवला होता.

"मग टाका की," ती म्हणाली. "उद्या. हितंच. माझ्या दारात."

रखमाजीच्या तोंडातली सगळी वाळू खाली सांडली.

दुसरा दिवस उजाडला. सगळं जंगल विहिरीभोवती जमलं. राजाने सकाळपासून दात घासले होते. रखमाजीला खाली सोडलं. अर्ध्यावर, दाराच्या दगडाशी, त्याने ओठ घासले. पुन्हा घासले. कातडं ओठाशी फाटलं. मग तो हळूहळू, वीतवीत, आपल्याच अंगातून बाहेर पडून घरात शिरू लागला. अठरा हात काही थोडे नसतात. मोडक्या पाठीने तर फारच जास्त.

"आजून थोडं," गयाबाई म्हणत होती. अंड्यांवरून उठता येत नव्हतं, नाहीतर तिने ओढूनच घेतला असता. "आलंच बघा. आजून थोडं."

वर करकोचेसाहेब घाई करत होते. "किती वेळ? ओढा!"

गव्याने खोड फिरवलं. रखमाजीच्या शेपटीचं टोक वेलीतल्या कातीतून सुटलं आणि कातीच्या आतूनच कमानीवरून सळसळत विहिरीत गेलं. राजाच्या आगमनाचे ढोल तेव्हाच वाजत होते, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

"आज नळी लई हलकी लागतीया," एक अस्वल म्हणालं.

"वाळू संपत आली असेल," साहेब म्हणाले.

वर आली ती कात. तोंडापासून शेपटीपर्यंत सलग, अठरा हात, आतून पोकळ. राजा पुढे झाला. त्याने हातभर टोक दातात धरलं आणि तोडलं.

ओरडा नाही, रक्ताचा थेंब नाही.

करकोचेसाहेबांनी टोकातून आरपार बघितलं. पलीकडे त्यांना राजाचा डोळा दिसला. "महाराज, आत काहीही नाही! क्लांती शून्य! लांब, लवचीक, पोकळ. कोशात आहे अगदी तश्शी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून कात कामावर जाऊ लागली. तिला वाळू उचलता येत नव्हती, म्हणून काठावर ढीग होईना. ढीगच नाही, तर रात्री विहिरीत घसरणार काय? पाहणी केली, तेव्हा विहीर जितकी भरली होती तितकीच होती. "वाळूची वाढ पूर्णपणे थांबली," असा अहवाल गेला. राजा खूष झाला. त्याने गुंडाळनळीला उत्कृष्ट सेवेचं बक्षीस जाहीर केलं. बक्षीस काय? एक शेळी.

इकडे बिळात अंडी फुटली होती. वळवळणारी बावीस पिल्लं, आणि दोन महिन्यांची उपाशी गयाबाई. तिच्या अंगावरचे ठिपके सैल पडून सुरकुतले होते. रखमाजीही शिकार करायला जात होता, पण मोडलेल्या पाठीने झडप घालता येईना. दोन बेडकांवर घर किती दिवस चालणार? तेवढ्यात बक्षिसाची बातमी आली.

"शेळी माझी हाय," तो म्हणाला आणि निघाला.

"भांडू नगा," गयाबाई म्हणाली. "नीट बोला. नीट बोलल्यावर मानूस ऐकतंय." ती अजून बिळातच होती, तिला काय माहीत?

समारंभ रंगात आला होता. रिळाला फुलांच्या माळा घातल्या होत्या. समोर शेळी बांधली होती. रखमाजी सरपटत मधोमध आला आणि नीट बोलला.

"महाराज, काम मी केलंय. ही नुसती माझी कात हाय. घरी बाळंतीण उपाशी हाय. शेळी मला द्या."

दरबार गोंधळला. राजाने करकोचेसाहेबांकडे बघितलं. साहेब कोश उघडून रखमाजी आणि शेळी यांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"अजगर," त्यांनी खणखणीत वाचलं. "पाहा, गुंडाळनळी." मग चोचीने रिळाकडे खूण केली. "पाहिली. गुंडाळनळी जागेवर आहे. कोशात अजगर एकच, तो तिथे आहे."

"मग मी कोण?"

"कुणीच नाहीस," साहेब म्हणाले. आवाजात राग अजिबात नव्हता. "समजून घे. तू नाहीसच. जे नाही त्याचा अर्ज घेता येत नाही."

राजाने क्षणभर विचार केला. कोशावर त्याचाच पंजा होता. पंजा चुकला म्हणणार कसा? "बरोबर आहे," तो म्हणाला. "हा नाही."

आधी रखमाजीला फार वाईट वाटलं. अठरा हातांत मावणार नाही इतकं वाईट. मग त्याच्या हळूहळू लक्षात आलं, की जो नाही त्याला कुणी बांधू शकत नाही, ढकलू शकत नाही आणि जबाबही विचारू शकत नाही. त्याने शेळीकडे बघितलं. शेळी सरकारी होती, नुसती हाडं. मग त्याने समोर उभ्या साहेबांकडे बघितलं. चार महिन्यांच्या मासळीने साहेब कसे गोल, गुबगुबीत झाले होते. पाठ वाकवायचीसुद्धा गरज नव्हती. ते अगदी तोंडासमोर होते.

रखमाजीने जबडा उघडला आणि साहेबांना गिळलं. कोश तेवढा खाली पडला.

कुणी हललं नाही. हलणार कसं? राजाने आत्ताच निकाल दिला होता, की इथे अजगर नाही. अजगराला पकडणं म्हणजे महाराजांना खोटं पाडणं. अस्वलांनी आभाळाकडे बघितलं. गव्याला एकदम खोकला आला. सुतारपक्ष्याने झाडावर नोंद केली, "करकोचेसाहेब, उशिरा का होईना, मायदेशी रवाना."

रखमाजीने शेळीचा दोर शेपटीत धरला आणि गयाबाईचं ताट घेऊन तो हळूहळू घरी गेला.

आता सल्लागाराची जागा रिकामी झाली. सर्वांत उत्तम सेवा कुणाची, हे पाहिलं गेलं आणि गुंडाळनळीचीच नेमणूक झाली. ती दरबारात राजाच्या उजव्या हाताला टांगलेली असते. ती काही बोलत नाही, म्हणून तिचा एकही सल्ला अजून चुकलेला नाही. तेल अजून लागलेलं नाही. लवकरच लागेल, असं कळतं.

तात्पर्य: मुलांनो, कष्ट करणाऱ्याचं सगळीकडे कौतुक होतं, पण ते त्याच्या कातीचं होतं. तेव्हा रोज वेळेवर कात कामावर पाठवावी आणि आपण घरी थांबावं. आणि 'तू नाहीसच' असं कुणी आपल्याला तोंडावर सांगितलं, तर वाद घालू नये. तो अजून जवळ उभा आहे तोवर जेवून घ्यावं.